इजलासावरील कवी

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये हेन्री व्हॉन लँचेस्टर या वास्तुविशारदाने योजिलेली उच्च न्यायालयाची इमारत १९४० च्या जानेवारीत व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या हस्ते खुली झाली, तेव्हा तिला ‘पाषाणातील काव्य’ असे म्हटले गेले; आणि योगायोग असा की, त्याच वर्षी मध्यप्रांताच्या न्यायखात्यातील एका सबजज्जाने फुटलेल्या पाषाणमूर्तीच्या निमित्ताने मानवी संस्कृतीच्या उन्नती-अवनतीचे चिंतन करणारे ‘भग्नमूर्ती’ हे दीर्घकाव्य मराठीला दिले. हे सबजज्ज म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे. महाराष्ट्र त्यांना ‘कवी अनिल’ या नावाने ओळखतो.

त्यांचा जन्म १९०१ साली वऱ्हाडातील मूर्तिजापूरचा. शिक्षणासाठी ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. तेथे त्यांची कुसुम जयवंत या बुद्धिमती विद्यार्थिनीशी ओळख झाली, आणि १९२९ साली त्या कुसुमावती देशपांडे झाल्या. मधल्या काळात अनिलांनी कायद्याची पदवी घेतली, कलकत्त्यास जाऊन भारतीय चित्रकलेचेही काही धडे घेतले, वकिली केली, आणि मग ते न्यायखात्यात शिरले.

सबजज्जाची नोकरी दुरून भारदस्त दिसली तरी तिचा रोजचा ऐवज रुक्ष असे. वादीची फिर्याद, प्रतिवादीची कैफियत, दोहोंतून काढलेले वादाचे मुद्दे, साक्षीदारांच्या जबान्या, गहाणखते, वाटणीपत्रे, सावकाराच्या वह्या, आणि या सर्वांच्या अखेरीस फैसला व हुकूमनामा: दिवाणी न्यायालयाचा हा क्रम ठरलेला, आणि त्यातील सर्वांत कठीण भाग असा की, न्यायाधीशाला नुसता निर्णय देऊन चालत नाही, तो का दिला हे एकेका मुद्द्याखाली लिहून द्यावे लागते. ‘मला असे वाटते’ एवढ्याने वरिष्ठ न्यायालयाचे समाधान होत नसते. ज्याला वर्षानुवर्षे हे व्रत पाळावे लागले, त्याच्या कवितेवर त्याचा संस्कार झाला नसेल असे मला तरी पटत नाही.

१९३२ सालच्या ‘फुलवात’मधील अनिल सुकुमार भावगीते लिहिणारे कवी होते. परंतु पुढे विचाराचा विस्तार जसजसा वाढला, तसतसे वृत्ताचे आणि यमकाचे बंधन त्यांना अपुरे वाटू लागले, आणि त्यांनी मुक्तछंद जवळ केला. यात ओळीची लांबी अक्षरगणतीने ठरत नाही, अर्थाच्या श्वासाने ठरते. यमक गळून पडते, पण लय सुटत नाही. ही नवी चाल अनिलांनी लहर म्हणून स्वीकारली नाही. तिचा त्यांनी पुरस्कार केला, तिचे विवेचनही केले. रूढ छंदाविरुद्ध त्यांनी निकाल दिला, पण कारणे नोंदवून दिला. १९४३ सालच्या ‘निर्वासित चिनी मुलास’ या काव्यात तर हा छंद जपानी आक्रमणाने देशोधडीला लागलेल्या एका परक्या बालकाच्या दुःखापर्यंत पोहोचला. ज्या मुलाची कैफियत मांडायला कोणी वकील नव्हता, त्याची बाजू मराठी कवीने ऐकली, हे मला त्या काळच्या मराठी मनाचे मोठेपण वाटते.

आणि ज्याने छंद मोकळा केला त्यानेच उत्तरायुष्यात दहा ओळींची नेमकी चौकट स्वतःवर घालून घेतली! अशा कवितांच्या ‘दशपदी’ या संग्रहाला १९७७ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

नागपुरात विधी आणि वाङ्मय यांचा शेजार तसा जुनाच आहे. येथील मुख्य न्यायाधीश आणि पुढे भारताचे सरन्यायाधीश झालेले महंमद हिदायतुल्ला यांचे वडीलही उर्दूत शायरी करीत. अनिलांच्या घरी तर दुसरे साहित्यसत्र खुद्द कुसुमावतींचे होते: मॉरिस कॉलेजात इंग्रजीचे अध्यापन, ‘दीपकळी’पासूनच्या कथा, ‘पासंग’मधील मर्मग्राही समीक्षा. स्वातंत्र्यानंतर अनिल न्यायखात्यातून समाजशिक्षणाच्या कार्याकडे वळले आणि पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय मूलभूत शिक्षण केंद्राचे संचालक झाले. १९५८ साली मालवणच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १९६१ साली ग्वाल्हेरला तोच मान कुसुमावतींना मिळाला, आणि त्या संमेलनाच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष ठरल्या. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्या निवर्तल्या.

या मृत्यूभोवती एक लोककथा रुजली आहे. कुमार गंधर्वांच्या कंठातून घरोघरी गेलेले, रुसून अबोल झालेल्या प्रियेचे अनिलांचे गीत पत्नीच्या निष्प्राण देहापाशी स्फुरले, असे अनेक रसिक डोळे पुसत सांगतात. कथा हृदयद्रावक आहे, पण पुराव्यावर टिकत नाही. ते गीत ‘पेर्ते व्हा’ या संग्रहाच्या काळातले, म्हणजे कुसुमावती नागपुरात शिकवीत होत्या, लिहीत होत्या, त्या दिवसांतले आहे. नांदत्या संसारातील रुसव्याचे ते गाणे आहे, आणि मला ते तसेच अधिक प्रिय वाटते.

कुसुमावतींच्या निधनानंतर अकरा वर्षांनी, १९७२ साली, अनिलांनी विवाहापूर्वीचा उभयतांचा पत्रव्यवहार दोघांच्या नावांचा संधी करून ‘कुसुमानिल’ या शीर्षकाने स्वतः प्रसिद्ध केला. त्या पत्रांवर, पुराव्यावर असाव्यात तशा, तारखा आहेत.