बीं मेलें कीं निजलें?



मी शिक्षक असतांना एका पावसाळ्यांत मुलांकडून निंबोळ्या गोळा करविल्या, डब्यांत बंद करून ठेवल्या आणि पुढच्या मृगांत शाळेच्या कुंपणालगत पेरविल्या. एकही उगवली नाहीं. पाणी घालण्यांत हयगय झाली म्हणून मी मुलांवर रागावलों. परंतु दोष मुलांचा नव्हता. माझ्या अज्ञानाचा होता.

सर्व बियांचा स्वभाव एक नसतो. जांभळाचें बीं वाळलें कीं मेलें. घरीं ठेवलेली निंबोळीही कांहीं आठवड्यांतच निर्जीव होऊं लागते. हीं फळें पिकतात तींच मुळीं पावसाच्या तोंडावर. तेव्हांच पेरावें, अशी ही निसर्गाची योजना आहे.

बाभूळ व बहावा ह्यांची रीत उलट. त्यांच्या कठीण कवचांतून पाणी आंत शिरत नाहीं. बीं वर्षानुवर्षें निजून राहतें. परभणीकडे पहिल्या सरीनंतर पाऊस पुष्कळदां दडी मारतो. अशा ठिकाणीं सर्व बिया एकदम उगवून करपण्यापेक्षां हें निजणें वंशरक्षणाचें साधनच होय. शेळीच्या लेंडीवाटे पडलेलें बाभळीचें बीं लवकर रुजतें, हें धनगरांस ठाऊक आहे. तेंच कार्य आपणांस बियांवर उकळतें पाणी ओतून व त्या रात्रभर भिजत ठेवून साधतें. किनवटच्या रानांतील सागाचें फळ तर लाकडासारखें टणक. तें आळीपाळीनें भिजवावें व उन्हांत वाळवावें लागतें.

तिसरी गोष्ट आकाराची. आंब्याच्या कोयींत रोपाची शिदोरी भरपूर. वड-उंबराच्या बीजांत ती नाममात्र. बारीक बीं खोल पुरलें तर वर येण्यापूर्वींच शिदोरी संपते. म्हणून त्यावर माती केवळ भुरभुरावी. मोठें बीं मात्र आपल्या जाडीच्या दुपटीइतकें खोल जावें.

२०१७ ते २०१९ ह्या तीन वर्षांत ५० कोटी वृक्ष लावण्याचा संकल्प महाराष्ट्र शासनानें केला होता. आंकडा कितीही मोठा असो, जिंतूरच्या डोंगरांवर रान परतेल तें बियांचा स्वभाव ओळखूनच. सर्व बिया एकत्र कालवून एकाच दिवशीं फेकल्या, तर एक-दोन जातीच तेवढ्या उगवतील. आणि एका जातीच्या झाडांस रान म्हणत नाहींत.

ज्यांना मी रागावलों तीं मुलें आज कर्तीं माणसें आहेत. त्यांस एवढेंच सांगावयाचें: यंदा निंबोळी पिवळी झाली कीं गर धुवून काढा, सावलींत सुकवा आणि त्याच पंधरवड्यांत पेरा. डब्यांत ठेवूं नका.