माईकवर रुमाल गुंडाळू नका

एप्रिल लागला की वस्तीवस्तीत मांडव पडतात. १४ एप्रिलपासून बुद्ध पौर्णिमेपर्यंत गायन पार्ट्यांना रात्र मोकळी नसते. अशाच एका कार्यक्रमात मी पहिल्या रांगेत होतो. गायकाने माईक ओठांजवळ नेला आणि झटकन डोके मागे घेतले. "थोडा करंट मारतोय, रुमाल गुंडाळा," साऊंडवाला म्हणाला. रुमाल गुंडाळून कार्यक्रम पार पडला. नशीब म्हणायचे.

माईकला करंट येतो कसा? माईकची वायर मिक्सरला जाते, मिक्सरची अँप्लिफायरला. गायकाचा दुसरा हात गिटारच्या तारेवर, कीबोर्डच्या स्टँडवर नाहीतर लोखंडी पाइपवर असतो. यातल्या एखाद्या यंत्राला अर्थिंग नसेल आणि आतला करंट त्याच्या पत्र्यात उतरला असेल, तर गायकाच्या अंगातून वीज वाहते. एका हातातून दुसऱ्या हातात जाताना ती छातीतून, म्हणजे हृदयावरून जाते. त्यात उन्हाळ्याचा घाम. ओल्या कातडीतून वीज सहज शिरते. रुमालही घामाने भिजतोच.

अर्थिंग जाते कुठे? बॉक्समधून 'घूंऽऽ' असा आवाज यायला लागला की काही कारागीर प्लगची जाड पिनच काढून टाकतात. आवाज थांबतो, पण वीज जमिनीत जाण्याची वाटही बंद होते. हा उपाय करणाऱ्याला स्टेजवर चढू देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. स्टेजवरची सगळी वाद्ये आणि अँप्लिफायर अर्थिंग असलेल्या एकाच बोर्डावर घेतले, तर तो आवाज बहुतेक वेळा तसाच कमी होतो. त्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या आणि कार्यक्रमाआधी तिचे टेस्टचे बटण दाबून पाहा. खांबावर आकडा टाकून वीज घेऊ नका. मंडळाने तात्पुरते कनेक्शन घ्यावे.

अँप्लिफायर सावलीत, पण मोकळ्या हवेत ठेवा. तापला म्हणून त्यावर ओले फडके टाकणारेही मी पाहिले आहेत!

आता कानांचे. ८५ डेसिबल आवाज ८ तास ऐकणे ही कानांची मर्यादा मानतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटे. आणि आपली लेकरे बसतात नेमकी बॉक्सच्या तोंडाशी! बॉक्स जमिनीवर न ठेवता डोक्यांच्या वर, भक्कम स्टँडवर चढवा. आवाज मागपर्यंत पोचतो आणि पुढच्यांचे कान वाचतात. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, म्हणून पोरांची सतरंजी मागे सरकवा. माईक बॉक्सच्या पुढे आला की शिट्टी वाजते. गायक बॉक्सच्या मागेच उभा राहू द्या.

रात्री १० नंतर उघड्यावर लाऊडस्पीकरला बंदी आहे. सरकारने सूट दिलेल्या ठरावीक दिवशीच १२ पर्यंत चालतो. शेजारच्या घरात बाळंतीण किंवा आजारी माणूस असेल, तर सूट असली तरी आधी विचारून घ्या.

कुणाला शॉक लागलाच, तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. स्विच सापडत नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला वायरपासून दूर करा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबत राहा. दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. माणूस उठून बसला, "काही नाही झालं" म्हणाला, तरी त्याला दवाखान्यात न्याच. हृदयाचे ठोके बिघडले आहेत का, हे तिथेच कळते.