जुन्या जीपच्या पाण्याच्या नळ्या वेळीच बदला

वैशाखातील दुपार, गाडीत टोमॅटोचे क्रेट आणि समोर वरंध घाटाची चढण. जीप खालच्या गिअरमध्ये कष्टाने चढत असते. इंजिन जोराने फिरत असते, पण गाडीचा वेग मंद असल्यामुळे रेडिएटरला समोरून पुरेसा वारा मिळत नाही. अशाच वेळी बॉनेटखालून वाफेचा लोट उठतो आणि गाडी वळणावर उभी राहते. उघडून पाहावे तर वीतभर लांबीची एक रबरी नळी टोकापाशी उभी चिरलेली असते. नळीची किंमत काही शे रुपयांपलीकडे नसते. परंतु पाणी गळून गेलेले इंजिन तसेच मैलभर दामटले, तर गॅसकेट जळते, हेड वाकते किंवा तडकते आणि खर्च हजारांच्या घरात जातो. माल त्या दिवशीच्या बाजाराला पोचत नाही, तो तोटा निराळाच.

स्वातंत्र्यानंतर मुंबईत जीप गाड्यांची जुळणी सुरू झाली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास कार्यक्रमास आरंभ झाला आणि विकासगटांच्या कामामुळे ही गाडी खेडोपाडी ओळखीची झाली. पंधरा वर्षांपेक्षा जुन्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून बाद करण्यात आली. त्यामुळे जुनी जीप आज आढळते ती मुख्यतः खाजगी मालकाकडे, पुष्कळदा गोठ्याशेजारच्या छपरात. तिचे इंजिन ओतीव लोखंडाचे असते आणि नीट राखले तर दोन पिढ्या टिकते. रबराला मात्र तेवढे आयुष्य नाही. गाडी वर्षभर उभी राहिली तरी रबर वाळत, कडक होत जाते. ‘गाडी फिरलीच कुठे, मग नळ्या कशा खराब होतील?’ हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

इंजिनातील गरम पाणी वरच्या नळीने रेडिएटरमध्ये येते, तेथे निवते आणि खालच्या नळीने पंपाकडे परत जाते. पंप पाणी ओढून घेत असल्यामुळे खालच्या नळीत ओढ निर्माण होते. ती चपटू नये म्हणून पुष्कळ गाड्यांत तिच्या आत तारेची स्प्रिंग असते. ही स्प्रिंग गंजून तुटली, तर वेगात नळी आत दबते, पाण्याची वाट बंद होते आणि गाडी थांबवताच नळी पुन्हा फुगून निर्दोष दिसते. असा दोष शोधताना जाणते मिस्त्रीसुद्धा चकतात.

हीटर असलेल्या गाडीत आणखी दोन बारीक नळ्या असतात. त्यांचे आतील माप बहुधा १६ मिलिमीटर असते. महाराष्ट्रात जीपच्या हीटरची गोष्ट काढली की लोक हसतात, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु हीटर काढून टाकलेल्या गाडीत त्याच्या जोडांवर रबरी टोपी बसविलेली असते किंवा दोन्ही जोड एका आखूड नळीने जोडलेले असतात. हा तुकडा कोणाच्या लक्षात राहत नाही. मोठ्या नळ्या नव्या घातल्यावर पुढची गळती पुष्कळदा येथूनच सुरू होते.

नळीची परीक्षा केवळ डोळ्यांनी होत नाही. बाहेरून काळीभोर, गुळगुळीत दिसणारी नळी आतून कुजलेली असू शकते. पितळी रेडिएटर, लोखंडी इंजिन आणि मधले क्षारयुक्त पाणी यांच्यामुळे बॅटरीच्या घटात होते तशी सौम्य विद्युत्‌क्रिया चालू राहते. तिने नळीच्या आतल्या अंगास बारीक चिरा पडतात, त्यांतून पाणी सुताच्या विणीपर्यंत झिरपते आणि वीण दुर्बल होते. ही झीज टोकांपासून साधारण दोन इंचांच्या आत अधिक असते. म्हणून इंजिन पूर्ण थंड असताना नळी टोकाजवळ चिमटीत दाबून पाहावी आणि नंतर मधोमध दाबावी. टोकाशी ती पोकळ, मऊ लागली किंवा बोटांखाली चिरा जाणवल्या, तर ती नळी संपली असे समजावे. तेलाने भिजलेली नळी फुगून भुसभुशीत होते, तर उष्णतेने वाळलेली नळी दाबताना कडकड वाजते. एक नळी गेली की बाकीच्याही त्याच वयाच्या असतात, तेव्हा सर्व नळ्या एकदमच बदलणे स्वस्त पडते.

काम सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर करावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडल्याने तोंड व हात भाजण्याचे प्रकार आजही घडतात. खालचा कॉक सोडून पाणी स्वच्छ पत्र्याच्या डब्यात काढावे. जीपमध्ये ते सुमारे दहा लिटर निघते. पाण्यात कूलंट मिसळलेले असेल, तर ते जमिनीवर ओतू नये. त्यातील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते. कुत्री ते चाटतात, गुरे डबक्यातून पितात, लहान मुलेही तोंडाला लावतात. थोडेही पोटात गेले तरी मूत्रपिंडे निकामी होऊन जीव जाऊ शकतो. हे पाणी झाकणाच्या डब्यात भरून अंगणापासून, गव्हाणीपासून व विहिरीपासून दूर ठेवावे.

जुनी नळी चिकटून बसलेली असते. ती पक्कडीने पिळण्याचा मोह आवरावा. रेडिएटरच्या तोटीचा जोड डाख देऊन केलेला असतो आणि हीटरची तोटी तर त्याहून पातळ असते. पिळल्यास नळी निघते, पण तोटीही हलते. त्यापेक्षा धारदार पात्याने नळी लांबीच्या दिशेने हलकेच चिरून सोलून काढावी. नळी वाया जाणारच असते. तोटीवरचा गंज व चिकटलेले रबर बारीक पॉलिश पेपरने साफ करावे. तोटीला खोल खड्डे पडले असतील, तर नवी नळीही गळेल. अशा वेळी आधी तोटी दुरुस्त करून घ्यावी.

नवी नळी जुन्या मापाची व आकाराची, सुताची वीण असलेली आणि गरम पाण्यासाठीच बनविलेली असावी. ठिबक संचाची नळी, फवारणी पंपाचा पाइप किंवा बागेचा प्लॅस्टिक पाइप येथे चालत नाही, कारण उकळीच्या जवळपास तापलेल्या पाण्यात तो मऊ पडून निसटतो. खालच्या जुन्या नळीत स्प्रिंग असेल, तर नव्या नळीतही ती असल्याची खात्री करावी. नळी चढविताना ग्रीस किंवा तेल लावू नये, साबणाचे पाणी पुरते. क्लिप आधी नळीत ओवून घ्यावी, नळी तोटीवर पूर्ण चढवावी आणि मग क्लिप तोटीच्या उंचवट्याच्या मागे आणून आवळावी. रबर क्लिपच्या फटींतून वर येईतो आवळल्यास ते तेथेच कापले जाते. तारेने बांधलेली नळी गावापर्यंत पोचण्यापुरतीच समजावी. नळी पंख्याला, पट्ट्याला किंवा सायलेन्सरच्या तापलेल्या नळाला घासत नाही, हेही पाहावे.

बोअरच्या जड पाण्याचे क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात. म्हणून शुद्ध केलेले पाणी व कूलंट निम्मे-निम्मे भरावे. महाराष्ट्रात पाणी गोठण्याची भीती नसली, तरी कूलंट गंज रोखते आणि उकळबिंदू वाढविते. घाटमाथ्यावर याचे महत्त्व अधिक आहे. महाबळेश्वराच्या उंचीवर साधे पाणी समुद्रसपाटीपेक्षा सुमारे चार-पाच अंश सेल्सिअस आधीच उकळते. ही उणीव रेडिएटरचे दाबाचे झाकण भरून काढते, परंतु म्हणून जुन्या रेडिएटरवर नव्या गाडीचे अधिक दाबाचे झाकण बसवू नये. त्याने नळ्या आणि जोड दोन्ही फुटतात.

भरताना हीटरची तोटी उघडी ठेवावी, नाहीतर तेथे हवा अडकते. झाकण न लावता इंजिन मंद गतीने चालू ठेवावे, बुडबुडे थांबेपर्यंत पातळी राखावी आणि मग झाकण बसवावे. एक फेरी मारून गाडी पूर्ण निवू द्यावी. दुसऱ्या दिवशी क्लिपा पुन्हा एकदा तपासाव्यात, कारण पहिल्या तापण्याने नवे रबर थोडे बसते आणि पकड सैल होते. काढलेल्या टोप्या आणि नळ्यांचे तुकडे टाकून द्यावेत. गाडीच्या पेटीत वरच्या नळीची एक नवी जादा प्रत, दोन क्लिपा, पेचकस आणि पाण्याचा कॅन ठेवावा.