टॉवेलवर कोण राहतंय?

आंघोळ झाली, अंग पुसलं, टॉवेल दोरीवर टाकला. साबण कितीही चोळला तरी त्वचेवरचे सगळे जीवाणू काही निघत नाहीत. अंग पुसताना त्यातले थोडे टॉवेलवर उतरतातच. मग ते तिथे किती वेळ जगत असतील? सांगा बरं. एक तास? एक रात्र?

अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात, मुलांच्या एका रुग्णालयात, दोन संशोधकांनी हे चक्क मोजून पाहिलं. त्यांनी रुग्णालयात वापरतात तीच कापडं निवडली: साधं सुती, टॉवेलचं, सुती-पॉलिएस्टर मिसळीचं, पडद्याचं पॉलिएस्टर आणि एप्रनचं प्लॅस्टिक. त्यांच्या छोट्या तुकड्यांवर जीवाणू सोडले आणि रोज काही तुकडे उचलून पोषक द्रावणात टाकले. जीवाणू जिवंत असले तर द्रावणात वाढणार, मेले असले तर काहीच होणार नाही! २००० साली निकाल छापून आला. प्रत्येक प्रकारचा जीवाणू किमान एक दिवस तरी तगला होता, आणि काही तर ९० दिवसांनंतरही जिवंत होते. तीन महिने! सुरुवातीला थोडेच जीवाणू सोडले, तेव्हा मात्र ते लवकर संपले. धुण्याचा मोठा फायदा हाच, की जीवाणूंची संख्या घटते.

त्यातला एक होता स्टॅफिलोकॉकस. हा गोल जीवाणू इतका लहान, की कापसाच्या एका तंतूच्या रुंदीत दहा-पंधरा जण शेजारी शेजारी बसतील. कोरड्या कापडावर तो वाढत नाही. पाणी नाही, खाणं नाही, मग नुसता टिकून राहतो. त्याच्या अंगाभोवतीची भिंत जाड असते, ती त्याला सुकण्यापासून बरंच वाचवते. पण घाबरू नका हं. आपल्या त्वचेवर राहणारे बहुतेक जीवाणू निरुपद्रवी असतात.

आता खेळून आल्यावरचा टी-शर्ट घ्या. ताज्या घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. जीवाणू घामातले पदार्थ फोडतात, तेव्हा वास सुटतो. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात २६ जणांना टी-शर्ट घालून व्यायामाच्या सायकली चालवायला लावल्या, शर्ट पिशव्यांत भरून ठेवले आणि नंतर हुंगले. होय, वास घेण्याचा सराव असलेली माणसंच बोलावली होती! पॉलिएस्टरचे शर्ट सुती शर्टांपेक्षा जास्त वास मारत होते. मायक्रोकॉकस नावाचे जीवाणू पॉलिएस्टरवर छान वाढतात, सुतीवर नाही. शिवाय पॉलिएस्टर पाणी शोषत नाही, पण अंगाचं तेल धरून ठेवतं.

आणि पावसाळ्यातला तो कुबट वास? धुतलेल्या कपड्यांनाही येतो, मग आईला वाटतं साबणच बदलावा. जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये त्यामागचा जीवाणू दाखवून दिला: मोराक्सेला. तो एक आम्ल तयार करतो, त्याचं नाव म्हणताना बोबडी वळेल: ४-मिथाइल-३-हेक्झेनोइक आम्ल. हा पठ्ठ्या कोरडेपणाही सोसतो आणि उन्हातले अतिनील किरणही. म्हणूनच एकदा वाळलेला टॉवेल पुन्हा ओला झाला, की वास परत हजर! पण वाढायला त्यालाही ओलावा लागतोच. कपडे दोरीवर एकावर एक न टाकता सुटे पसरले, पंखा लावला, तर ते लवकर वाळतात आणि त्याला वाढायला वेळच मिळत नाही.

घरी करून बघायचंय? दोन सारखे सुती रुमाल दिवसभर वापरा, मग ओले करून पिळा. एक वाऱ्यावर पसरा. दुसरा घडी घालून झाकणाच्या डब्यात ठेवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन्ही हुंगा, वहीत लिहा, मग रुमाल गरम पाण्यात धुवायला टाका आणि हातही धुवा. नंतर हेच पॉलिएस्टरच्या जुन्या जर्सीच्या तुकड्यांवर करा आणि बघा, निकाल बदलतो का.