एका बटणाचं उत्तर

नोव्हेंबर २०२४ मध्ये थॉमस कुर्ट्झ गेले. जॉन केमेनी यांच्यासोबत १९६४ साली त्यांनी अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात बेसिक ही भाषा घडवली. कॉम्प्युटर फक्त गणितवाल्यांचा नाही, कुठल्याही शाखेच्या विद्यार्थ्याला तो वापरता आला पाहिजे, हा दोघांचा आग्रह. आमची पिढी प्रोग्राम लिहायला शिकली ती याच आग्रहामुळे.

बेसिकच्या सुरुवातीच्या वर्षांबद्दल मला फारसं सांगायचं नाही. टेलिटाइपवर ओळ टाइप करायची, रिटर्न दाबायचं, मग मशिन ती वाचणार. 'इनपुट' ही आज्ञा त्याच वळणाची. तुमचं उत्तर पुरं होईपर्यंत प्रोग्राम खोळंबून राहतो. हिशेबाला ते ठीक, खेळाला निरुपयोगी.

खरी बहार आली ऐंशीच्या दशकात, घरगुती कॉम्प्युटरांबरोबर. १९८२ च्या सिंक्लेअर स्पेक्ट्रमवर 'इन्की-डॉलर' होतं. ते कुणासाठी थांबत नसे. त्या क्षणी कोणतं बटण दाबलेलं आहे, तेवढं सांगे. काहीच दाबलेलं नसेल तर रिकामी स्ट्रिंग देई. 'रन' देऊन एन्टर दाबलं की बोट उचलायच्या आत प्रोग्राम सुरू होई आणि इन्की-डॉलरच्या हाती तो एन्टरच लागे. म्हणून एक ओळ आधी लिहायची: बटण सुटेपर्यंत इथेच फिर. मग दुसरी: नवं बटण दाबलं जाईपर्यंत इथेच फिर. कमोडोर ६४ चं दुखणं उलटं. तिथे दाबलेली दहापर्यंत अक्षरं साठून राहत आणि 'गेट' ती एकेक करून बाहेर काढी. मघाशी गोळ्या झाडताना दाबलेलं बटण 'पुन्हा खेळायचं का?' याचं उत्तर होऊन बसे. त्यावर उतारा एकच: पोक १९८, शून्य. साठा रिकामा.

१९८४-८५ मध्ये सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून बीबीसी मायक्रो भारतातल्या निवडक शाळांत आले, तसे आमच्याही. त्यांचं बेसिक सोफी विल्सन यांनी लिहिलेलं, आणि माझ्या मते सगळ्यांत देखणं. इन्की-डॉलरच्या कंसात ५०० लिहिलं की मशिन पाच सेकंद वाट पाहणार आणि पुढे जाणार. नुसत्या 'इन्की'च्या कंसात उणे ९९ लिहिलं की स्पेस बार दाबलेला आहे की नाही, एवढंच सांगणार. आमच्या कॉम्प्युटरच्या सरांना हे अजिबात खपत नसे. परीक्षेला इनपुट येतं, तेवढंच करा, असं म्हणायचे आणि स्क्रीनवर काही हलताना दिसलं की मशिन बंद करायचे. त्यांना तो टाइमपास वाटे. खरं तर मुलं तिथे फार मोलाचं शिकत होती: उत्तर न येणं हेही उत्तर असतं आणि प्रोग्राममध्ये त्याचीही सोय करावी लागते. सर चुकले. चाळीस वर्षांनंतरही माझं हेच म्हणणं आहे.

पुढे टर्बो सी आलं, आणि हाच विचार 'गेट्च'पुरता उरला. इंजिनिअरिंगची मुलं तो शेवटच्या ओळीत टाकत, आउटपुटचा स्क्रीन निघून जाऊ नये म्हणून. तो नेमकं काय करतो, हे फार थोडे विचारत.

त्याच सोफी विल्सन यांनी पुढे आर्म प्रोसेसरचा मूळ सूचना-संच रचला. आज जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये आर्मच्या घराण्याचा प्रोसेसर असतो. पण मोबाइल हातात असलेल्या मुलाला 'हे बटण दाबलंय का?' असं त्या प्रोसेसरला सरळ विचारण्याची सोय समोर दिसत नाही. सर्चच्या चौकटीत अक्षरागणिक सूचना बदलतात, म्हणजे प्रत्येक बटण वाचलं जातंच. वाचणारा प्रोग्राम मात्र दुसऱ्या कुणाचा असतो. आणि कित्येक शाळांत कॉम्प्युटरचा तास म्हणजे स्लाइड रंगवण्याचा तास. मला याचा राग येतो.

बीबीसी मायक्रोचे एम्युलेटर आज ब्राउझरमध्ये फुकट चालतात. घरात दहा-बारा वर्षांचं मूल असेल तर एखाद्या रविवारी त्याच्याशेजारी बसा. उणे ९९ ची ओळ त्याच्याच हातून लिहून घ्या आणि स्पेस बार दाबून ठिपका हलवू द्या. स्लाइड करायला ते नंतर कधीही शिकेल.