सही झालेली शीट

भाद्रपद सरत आला की पुण्या-मुंबईतल्या ऑफसेट छापखान्यांत दिवाळी अंकांची मुखपृष्ठं मशीनवर चढू लागतात, आणि रंगावरून होणाऱ्या वादांचा हंगामही तेव्हाच सुरू होतो. संपादकाच्या हातात छपाईआधी मंजुरीसाठी काढलेला नमुना, म्हणजे प्रूफ असतं, चित्रकाराच्या मोबाइलमध्ये मूळ चित्र असतं, आणि मशीनच्या डिलिव्हरीत पडणारी शीट या दोन्हींहून वेगळी दिसते. पैठणीचा जांभळा निळसर झालेला असतो, झेंडू मळलेला, चेहरा तांबूस. ‘लाल जरा कमी करा’, असं मशीनमनला सांगितलं जातं. पण शाईच्या चाव्या शीटच्या जेमतेम तीन सेंटिमीटर रुंदीच्या उभ्या पट्ट्यांवर चालतात. चेहऱ्याच्या पट्ट्यातच खाली झेंडू असेल, तर चेहऱ्यासाठी लाल कमी केला की झेंडू आणखी उतरतो. तोवर मशीनचा वेळ जातो, कागद वाया जातो आणि दोन्हीकडचे लोक एकमेकांवर चिडतात.

या भांडणात दोष कुणाच्या नजरेचा क्वचितच असतो. प्रूफ दिलं तेव्हाच मशीनला न पाळता येणारं वचन दिलं गेलेलं असतं. रंगाचं काम सुधारायचं ठरवलं की पुष्कळदा आधी महागडा प्रूफर विकत घेतला जातो. माझ्या मते सुरुवात दुसऱ्या टोकाकडून व्हायला हवी. आधी मशीन एका ठरावीक रंगावर स्थिर करायचं आणि मग प्रूफला त्या मशीनची नक्कल करायला शिकवायचं.

फोरकलर मशीनकडे सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी अशा चारच शाया असतात. कागदावर बसणारा त्यांचा थर साधारण एका मायक्रॉनचा. फिका-गडदपणा शाई पातळ करून येत नाही, तो ठिपका लहानमोठा करून आणावा लागतो. चारही रंगांच्या ठिपक्यांच्या ओळी वेगवेगळ्या कोनांत ठेवतात. सायन, मॅजेंटा आणि काळा हे डोळ्यांत भरणारे तीन रंग ३०-३० अंशांच्या अंतरावर, आणि सगळ्यांत कमी जाणवणारा पिवळा उरलेल्या जागी. कोन चुकला तर पैठणीच्या पोतावर नको ती जाळी उमटते.

हा ठिपका कागदावर पोहोचेपर्यंत फुगतो. प्लेटवरून रबरी ब्लँकेटवर आणि ब्लँकेटवरून कागदावर दाबला जाताना तो पसरतो, शिवाय कागदात शिरलेला प्रकाश त्याच्या कडेला अडकून तो असतो त्याहून मोठा दिसतो. प्लेटवरचा ५० टक्क्यांचा ठिपका चांगल्या आर्ट पेपरवर ६५ टक्क्यांच्या आसपास भरतो, लेप नसलेल्या मॅपलिथो कागदावर त्याहूनही जास्त. हे फुगणं थांबवता येत नाही, पण मोजता येतं आणि रोज तेवढंच ठेवता येतं. प्लेट बनवतानाच ते हिशेबात धरलं, तर मशीनवरची निम्मी ओढाताण संपते.

केशरी रंगाची गोष्ट वेगळी. स्क्रीनवरचा केशरी स्वतः प्रकाश देतो, कागदावरचा मॅजेंटा आणि पिवळ्याच्या ठिपक्यांतून जुळवावा लागतो, आणि या दोन शाया मिळून झगझगीत केशरी होत नाहीत. कोवळा पोपटी आणि गडद जांभळा यांचंही तसंच. म्हणजे झेंडू, पोपटी काठ आणि जांभळी पैठणी हे आपल्या दिवाळीचे लाडके रंग नेमके चार शायांच्या कुंपणाबाहेर पडतात. १९९० च्या दशकात पॅन्टोन कंपनीने केशरी आणि हिरवी शाई जोडून सहा रंगांची पद्धत आणली. आता पॅकेजिंगमध्ये केशरी, हिरवी, जांभळी धरून सात शायांची छपाई होते. मुखपृष्ठाला तेवढा खर्च परवडत नाही. तिथे पाचवी, खास मिसळून घेतलेली शाई तरी लावावी, नाहीतर झेंडू किती उतरणार ते चित्रकाराला आधीच कागदावर दाखवावं.

आधीच दाखवण्याची ही धडपड जुनी आहे. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे दगडावरच्या शिळाछपाईत प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. एका चित्राचे रंग कसे वाटायचे आणि कुठला दगड आधी छापायचा, हे कारागिराच्या नजरेवर ठरत असे. नंतर ब्लॉकमेकर आले. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठं घराघरांत पोहोचली, त्यामागे ठिपक्यांचे ब्लॉक करणाऱ्यांचं कसबही होतं, आणि त्यांची नावं फारशी कुठे आली नाहीत याचं वाईट वाटतं.

ऑफसेटच्या काळात वेट प्रूफ निघू लागलं. प्लेटी छोट्या सपाट प्रूफिंग मशीनवर चढवून खऱ्या शाईत, खऱ्या कागदावर चार-सहा शीट काढायच्या. शाई खरी असली तरी त्या मशीनचा दाब आणि वेग वेगळा, त्यामुळे ठिपकाही वेगळा फुगे. १९७२ मध्ये ड्यूपाँ कंपनीचं क्रोमालिन आलं. त्यात फिल्मवरूनच चिकट थरावर रंगाची पूड बसवून, प्लेट न बनवता प्रूफ मिळू लागलं. कॉम्प्युटरवरून थेट प्लेट निघायला लागली तशी फिल्म गेली, आणि फिल्मवर उभं असलेलं प्रूफही गेलं. त्याची जागा इंकजेटने घेतली.

इंकजेट प्रूफरमध्ये आठ, दहा, बारा शाया असतात. त्याला ऑफसेटपेक्षा कितीतरी जास्त रंग जमतात, आणि धोका तिथेच आहे. मोकळं सोडलं तर तो झेंडू स्क्रीनवरच्यासारखा तेजस्वी छापून देईल, संपादक खूश होऊन सही करेल आणि चार दिवसांनी मशीनमन अडकेल. म्हणून चांगल्या प्रूफरला स्वतःला आवरायला शिकवावं लागतं. हे काम प्रोफाइल करतं: अमुक कागदावर, अमुक मशीनवर, अमुक टक्क्यांना प्रत्यक्षात कुठला रंग दिसतो याचा मोजून काढलेला नकाशा. १९९३ साली ॲडोबी, ॲपल, कोडॅक, आग्फा, मायक्रोसॉफ्ट अशा आठ कंपन्यांनी एकत्र येऊन या नकाशांची सामाईक भाषा ठरवली. प्रूफच्या कडेला ७२ चौकोनांची एक पट्टी छापलेली असते. ती स्पेक्ट्रोफोटोमीटरने वाचली की प्रूफ नकाशाबरहुकूम आहे की नाही, ते मिनिटाभरात कळतं. जिच्यावर ही पट्टी नाही ती शीट मी प्रूफ मानत नाही, ती रंगीत प्रिंटआउट आहे.

रंग आकड्यांत मांडायची सोय १९७६ च्या सीआयई लॅब पद्धतीने झाली. एक आकडा उजळपणाचा, दुसरा हिरव्या-लाल अक्षाचा, तिसरा निळ्या-पिवळ्या अक्षाचा. आंतरराष्ट्रीय मानकाच्या एका प्रचलित आवृत्तीत आर्ट पेपरवरच्या भरीव सायनसाठी ५५, उणे ३७, उणे ५० हे आकडे आहेत. दोन रंगांमधल्या अंतराला डेल्टा-ई म्हणतात, आणि भरीव रंगांना ते सहसा पाचपर्यंत चालवून घेतात. गडद पिवळ्यात पाचाचा फरक कळतही नाही, करड्यात मात्र दोनाचा फरकही खटकतो. हे अंतर काढायच्या जुन्या सूत्राची हीच उणीव भरून काढायला २००० साली नवं सूत्र आलं.

त्या करड्यातच मशीनची खरी परीक्षा होते. सायन ५०, मॅजेंटा ४०, पिवळा ४० असे ठिपके एकावर एक पडले की रंगाची झाक नसलेला करडा दिसायला हवा. तिन्ही सारखे घेतले तर तपकिरी येतो, कारण छपाईच्या शाया शुद्ध नसतात. शीटच्या कडेला छापलेल्या चाचणीच्या पट्टीत, म्हणजे कलर बारमध्ये हा चौकोन शेजारच्या नुसत्या काळ्याच्या करड्याशी ताडून पाहिला, की यंत्राआधी डोळाच सांगतो कुठली शाई जास्त झाली ते. अनुभवी मशीनमन चेहऱ्याकडे नंतर बघतो, आधी करड्याकडे.

आणि शाईआधी पाण्याकडे. ऑफसेटमध्ये प्लेटचा कोरा भाग पाण्याने ओला राहतो म्हणून तिथे शाई बसत नाही. पाणी जास्त झालं की रंग धुवट होतो, कमी झालं की कोऱ्या जागेवर शाई धरते. प्लेट ओली ठेवणाऱ्या या फाउंटनच्या पाण्याचा पीएच पाचच्या आसपास हवा. पावसाळ्यात कागद दमट होऊन कडेला लाटा येतात, रंगांची एकमेकांवरची जुळणी, म्हणजे रजिस्टर हलतं, शाई सुकायला वेळ घेते. मशीनच्या वेगाचा आवाज ऐकत, शीट हातात झुलवून, भिंगातून ठिपका बघून पाणी किती हवं ते ओळखणारी माणसं मी पाहिली आहेत. मोजणी आली म्हणून त्यांची किंमत कमी होत नाही. सकाळपाळीचा रंग रात्रपाळीला देताना ‘कालच्यासारखा’ एवढंच सांगण्याऐवजी शाईच्या दाटपणाचा, म्हणजे डेन्सिटीचा आकडा सांगता येतो, हा त्यांचाच फायदा आहे. सुकल्यावर शाईची डेन्सिटी थोडी उतरते, म्हणून तो आकडा ओल्या शीटचा की सुक्या, हेही त्यासोबत लिहावं लागतं.

उजेडाकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं. ट्यूबलाइटखाली जुळलेलं प्रूफ आणि शीट खिडकीशी नेल्यावर वेगळी दिसतात, कारण दोन्हींतल्या शाया वेगळ्या द्रव्यांच्या असतात. म्हणून रंग ५००० केल्व्हिनच्या ठरावीक उजेडात, करड्या रंगाच्या पेटीत बघायचा असतो. त्यात भर कागदाची. पांढराशुभ्र दिसावा म्हणून आर्ट पेपरमध्ये अतिनील किरणांनी निळसर चमकणारं द्रव्य घालतात. प्रूफच्या कागदात ते नसेल तर उन्हात प्रूफ पिवळट आणि शीट निळसर दिसते, आणि मशीनमन उगाच पिवळा वाढवत बसतो. २००९ पासून मोजणीच्या मानकातच हा अतिनील भाग कसा धरायचा ते स्पष्ट झालं. मध्यम छापखान्याने एका वर्षात एकच खर्च करायचा ठरवला, तर मी उजेडाची पेटी घ्यायला सांगेन. त्यानंतर कागद दोन-तीन ठरावीक प्रकारांवर आणावा, ब्लँकेट आणि रोलरचे दाब नीट करावेत, चाचणीची शीट छापून ठिपका मोजावा, ते फुगणं हिशेबात धरणारी प्लेटची वक्ररेषा बसवावी. प्रूफरची पाळी या सगळ्यानंतर येते.

सही झाल्यावरही रंग बदलतो. मुखपृष्ठावर ग्लॉस लॅमिनेशन चढलं की रंग गडद होतात, मॅट चढलं की काळा भुरकट होतो. प्रूफवर तेच लॅमिनेशन लावून दाखवणं हाताशी असलेलं काम आहे, तरी ते टाळलं जातं. दुसरी आवृत्ती काढताना प्रकाशक दुकानाच्या काचेत राहिलेली प्रत घेऊन येतो आणि ‘अगदी असंच’ म्हणतो. उन्हाने तिचा पिवळा आणि मॅजेंटा विटलेला असतो, सायन आणि काळा टिकलेले असतात, म्हणून ती निळी पडलेली असते. अशा वेळी छापखान्याकडे पहिल्या वेळची सही झालेली शीट बंद पाकिटात असायला हवी, आणि पाकिटावर कागदाचं नाव, लॅमिनेशन, तारीख आणि चारही शायांचे आकडे.