'कटी सार्क': आगीत जळालं किती, उरलं किती?

२१ मे २००७ च्या पहाटे लंडनच्या ग्रिनिचमध्ये कोरड्या गोदीत उभ्या असलेल्या 'कटी सार्क' या जहाजाला आग लागली. बंब आले, साडेसहाच्या सुमारास आग आटोक्यात आली. टीव्हीवर ज्वाळा बघणाऱ्यांना वाटलं, संपलं सगळं! खरंच संपलं होतं का? आज आपण तेच समजून घेऊ.

त्यासाठी आधी जहाजाची बांधणी बघू. चीनहून चहा आणण्यासाठी १८६९ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंबार्टनला बांधलेलं हे शिडाचं जहाज. आपण त्याला लाकडी म्हणतो, पण ते अर्धंच खरं. आत घडीव लोखंडाच्या बरगड्या, बाहेरून बोल्टांनी आवळलेल्या सागवान आणि एल्मच्या फळ्या. म्हणजे सांगाडा लोखंडाचा, कातडी लाकडाची. म्हणून आगीनंतरची मोठी भीती सांगाड्याची होती. फळी नवी बसवता येते हो. पण तापून बरगड्याच वाकल्या तर ज्या आकारामुळे जहाज वेगानं धावायचं, तो आकारच हातातून जातो.

तसं झालं नाही. योगायोग असा, की डागडुजी आधीच सुरू होती. डोलकाठ्या, नाळेवरची मूर्ती आणि जवळजवळ निम्म्या फळ्या काढून चॅटमला नेल्या होत्या. त्या वाचल्या. जळालेला वरचा डेकही १८६९ चा नव्हता, १९५० च्या दशकातल्या दुरुस्तीतला होता. सांगाडा बहुतांशी शाबूत निघाला.

मग डागडुजी का लागली होती? मिठामुळे. लाकडात मुरलेलं खारं पाणी लोखंड खातं, गंज फुगतो, फळ्या सैल होतात. शिवाय पन्नास वर्षं सगळा भार खालच्या कण्यावर टेकलेला. पाण्यात जहाजाला चहूबाजूंनी आधार असतो, गोदीत तो नसतो. त्यामुळे कूस बाहेर फुगायला लागते.

आगीनंतर गंज काढून लोखंड रंगवलं, पोलादाचा जोड दिला, फळ्या परत चढवल्या. संपूर्ण जहाज सुमारे ३ मीटर उचलून धरलं आणि भोवती काचेचं छत घातलं. सुमारे ५ कोटी पौंड खर्च झाले. २५ एप्रिल २०१२ ला राणीनं ते पुन्हा खुलं केलं. आता लोक त्याच्या पोटाखालून फिरतात. पण त्या काचेमुळे जहाजाची देखणी रेषाच झाकली, अशी टीकाही झाली. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या वाईट नव्या वास्तूसाठीचा 'कार्बंकल कप' या कामाला मिळाला. जपणं म्हणजे टिकवणं की होतं तसंच दाखवणं, हा वाद त्यातून उघडा पडला.

आणि आगीचं कारण? तपासात सर्वांत संभाव्य ठरला तो शनिवार-रविवारी चालूच राहिलेला कचरा ओढणारा यंत्र-झाडू. २०१९ मध्ये पॅरिसचं नोत्र दाम जळालं, तेव्हाही तिथं दुरुस्तीच चालू होती. तात्पुरत्या वायरी, भुसा, रात्रीचा शुकशुकाट: जुन्या वास्तूला सगळ्यात जास्त धोका तिला वाचवायला घेतो तेव्हाच असतो. म्हणून आपल्याकडे एखाद्या वाड्याचं, देवळाचं काम निघालं, की पहिला प्रश्न निधीचा नको. संध्याकाळी मेन स्विच कोण बंद करणार, हे आधी ठरवूया.